दगडातलं ॲल्युमिनियम

आमच्या कारखान्यात स्फटिक पिकवतात. उंच पोलादी नळकांड्यात तळाशी गारगोटीचे तुकडे, वर तारेला टांगलेल्या स्फटिकाच्या पातळ पट्ट्या आणि आत खाराचं पाणी. झाकण आवळून तापवायचं आणि दोन महिने हात लावायचा नाही. तळाचा दगड विरघळतो आणि वरच्या पट्ट्यांवर थर धरतो.

तापमान सांभाळायचं काम घड्याळकाकांचं. दर तासाच्या ठोक्याला आकडा वहीत, म्हणून ते नाव. मी प्रयोगशाळेत नवी लागले तेव्हा झाकणाचा बोल्ट कसा आवळायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. मी पदवीधर, ते सातवी पास. तरी चुकायची मीच.

माझा नवरा त्याच कारखान्यात कच्चा माल घ्यायचा. त्या वर्षी त्यानं नवी खाण शोधली. नमुना तपासायला मला चार दिवस हवे होते.

"पांढराशुभ्र दगड आहे, आणखी काय बघायचंय?" तो म्हणाला.

मी न तपासताच सही केली.

दोन महिन्यांनी झाकण उघडलं. स्फटिक आखूड, अंगानं खरबरीत, बरेचसे तडकलेले. एक चकती कापून क्ष-किरणांखाली ठेवली, तर ती चहाच्या रंगाची झाली. ॲल्युमिनियम असलं की असं होतं. उरलेला दगड कुटून तपासला. नेहमीच्या पाचपट निघालं. एवढंसं, चिमटीतही न येणारं, पण थर नीट बसू देत नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं ताट बाजूला सरकवलं.

"कोणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग नको बोलूस. दगड माझा, सही तुझी. दोघंही घरी बसू."

दुसऱ्या दिवशी मी काकांची वही चाळली. एका दुपारी वीस मिनिटं वीज गेली होती आणि परत आल्यावर तापमान थोडं वर उसळलं होतं. त्यांनी ते स्वतःच लिहून खाली सही केली होती. कोणी विचारलंही नसतं. त्यानं एवढं पीक बिघडत नाही, हे मला माहीत होतं.

अहवालात मी लिहिलं : तापमान वाढलं की स्फटिक वेगानं वाढतो आणि अशुद्धी जास्त आत घेतो. यातला शब्दही खोटा नव्हता. दगडाचा आकडा मी लिहिला नाही.

साहेबांनी अहवाल वाचला आणि काकांना बोलावलं. काका बाहेर आले ते थेट माझ्याकडे.

"पोरी, वीस मिनिटांनी असं होतं?"

"होऊ शकतं, काका."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. आठवडाभरात त्यांना घरी बसवलं. पुढच्या पिकाच्या आधी नवऱ्यानं गुपचूप जुन्या खाणीचा दगड मागवला. पीक काचेसारखं आलं, आणि साहेब म्हणाले, "बघा, माणूस बदलला की फरक पडतो."

चार महिने काढले. मग राहवेना, म्हणून काकांच्या घरी गेले. ते वाळलेले कपडे घडी करत बसले होते. मी दाराशी उभ्यानंच सांगितलं.

"दगडात होतं, काका. तुमची चूक नव्हती."

"केव्हा कळलं?"

"तुम्ही जायच्या आधी."

त्यांनी हातातला सदरा पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली.

"माझ्या सुनेला हे सांगशील? तिला वाटतं, मला डुलकी लागली असणार. नातवाला माझ्याजवळ एकटं ठेवत नाही."

सून हात पुसत बाहेर आली. मी म्हटलं, "काकांची काही चूक नव्हती."

"मग कोणाची होती?"

नवऱ्याचं नाव ओठांवर आलं, माझंही आलं. ही बाई उद्या साहेबांकडे जाईल, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं. दोन्ही नावं मी गिळून टाकली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि कीव आल्यासारखी हसली. म्हाताऱ्यानं समजूत घालायला कोणाला तरी बोलावून आणलंय, असंच तिला वाटलं.

"जाऊ दे तिला," काका म्हणाले. "कामावर उशीर होईल."

त्यांनी मला पोरी म्हटलं नाही. मी निघाले. आणि खरंच, वेळेवर कामावर पोचले.