नाळ पडेपर्यंत

पौषातल्या थंडीत दिनेश अंगणाच्या कडेला उभा होता आणि समोरची झोपडी त्याला वर्ज्य झाली होती.

आठव्या महिन्यातच जन्मलेले त्याचे बाळ त्या झोपडीत होते. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा ते दोन किलोही भरले नव्हते. नाळ गळून पडेपर्यंत बाळंतिणीने घरामागच्या झोपडीत वेगळे राहावे, पुरुषाने तिचा उंबरठा ओलांडू नये, ही त्या कुळाची पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली मर्यादा. आणि या अशक्त लेकराची नाळ तर गळायचे नाव घेत नव्हती.

सकाळी नर्स हर्षाबाई येऊन गेल्या. त्याच्या बायकोला, रंजीताला, ताप भरला होता. त्यांनी औषध दिले. बाळाचे तळपाय मात्र गार होते. "उघड्या छातीला लावून ठेवा. संध्याकाळपर्यंत पाय गरम झाले नाहीत, तर परत दवाखान्यात न्यावं लागेल," असे त्यांनी बजावले. पण रंजीताला बसवत नव्हते, आणि सोबतीला असलेल्या तिच्या सासूला, दिनेशच्या आईला, मंगलीला, खोकल्याची उबळ. तिने बाळाला घेऊ नये, असेही बाई सांगून गेल्या होत्या.

"मीच घेतो त्याले," दिनेश बापाला म्हणाला.

डोमाने बैलांचे दावे सोडता सोडता वर पाहिले. "तू? तुले काय दूध येऊन राह्यलं?"

"दूध नाई बाबा, ऊब पायजे."

"मंग शेकोटी कर."

"धुरानं घुसमटते तो. बाईनं सांगतलं ना!"

"आत गेला त नाळ पडेवरी घरात येणं नाई. धानाच्या खऱ्यावर पाय ठेवणं नाई. नव्या धानाची पूजा हाय. बैलं फिरवून चुरणा कोण करन?"

दिनेशच्या संतापाला टेकायला जागा नव्हती. डोमा दुष्ट नव्हता. याच नातवासाठी त्याने देवाला कोंबडा बोलला होता. भांडावे तरी कोणाशी?

आतून रंजीताचा क्षीण स्वर आला, "अजी, हा आता रडूनबी नाई राह्यला."

दिनेशने सदरा काढला, मान लववून मनोमन कुळदेवाची क्षमा मागितली आणि उंबरठा ओलांडला.

पाखराएवढा तो जीव त्याच्या छातीला बिलगला. वर रंजीताने जुने लुगडे गुंडाळले. दिनेश घटकेघटकेला पाय चाचपी. ते गारच लागत. दर वेळी अंगावरचे लुगडे सरके.

"काय सारखा सारखा पाह्यतेस?" तोंडावर पदर धरून मंगली दारातून खेकसली. "चुलीवरची भाजी हाय का ते, शिजली का नाई पाह्याले? झाक!"

उन्हे कलली. अखेर बोटांखाली चिमुकली टाच कोमट लागली. त्याने पुन्हा पाहिले. तीच ऊब.

"बाबा, पाय गरम झाले!" तो ओरडला.

खळ्यावरून बैलांना हाकणारा डोमाचा एकटा आवाज थांबला. मग तिकडूनच उत्तर आले.

"मंग बस तसाच! इथी बैल माहं आयकत नाई, अन् तिथी लेक!"