हलगी वाजणार नाही

ठाकुर्लीच्या चाळीत महेंद्रच्या कलापथकाची बैठक चालू होती. इस्रायल सरकारने भरवलेल्या लोककला महोत्सवाचं आमंत्रण आलेलं, आणि पॅलेस्टिनी लोकांच्या बाजूने उभं राहायचं म्हणून पथकाने ते नाकारायचं ठरवलेलं. पथकातल्या स्वप्नाने नकाराच्या पत्राचा मसुदा वाचायला घेतला, "आम्ही बहिष्कार घालत आहोत..."

"कुणावर गं?" आतून महेंद्रची आई, केशरबाई, कडाडली. ती नऊ वर्षांची असताना त्यांच्या वस्तीने मेलेली गुरं ओढायचं सोडलं, म्हणून गावाने बहिष्कार घातला. पाणी तोडलं, गिरणीत दळण घेईनात. "तो शब्द आपल्या तोंडात नको!"

"आई, माणसांवर नाही. त्या सरकारच्या मांडवात आपण वाजवणार नाही, एवढंच."

केशरबाई बाहेर येऊन बसली; तिला ते बहिष्काराचं वर्ष आठवलं. त्याच वर्षी जत्रेला शेजारगावचा एक हलगीवाला बोलावलेला. वस्तीचं पाणी तोडलंय हे कळताच तो देवळासमोरून माघारी फिरला. "त्यांना पाणी मिळेपर्यंत माझी हलगी वाजणार नाही," म्हणाला. जत्रा मुकीच पार पडली. आपलंही कुणी आहे, असं वस्तीला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"मग तसंच लिही की," ती स्वप्नाला म्हणाली. "तिथल्या लोकांना पाणी मिळेपर्यंत आमची हलगी वाजणार नाही."

स्वप्नाने लिहिलं. केशरबाईने चष्मा लावला आणि सगळ्यांच्या वर स्वतःची सही ठोकली.

"आई, तू कुठे पथकात आहेस?"

"त्या माणसाचे आभार मानायचे राहिलेत रे," ती म्हणाली. "नावसुद्धा विचारलं नव्हतं कुणी."