पेटीतून काय निघालं

साहेबरावांनी टीव्ही लावला, चष्मा कपाळावर चढवून ॲपवर ‘टोणग्यांचं बिऱ्हाड’च्या चित्राखालची, किती बघून झालंय ते दाखवणारी लाल रेघ कुठपर्यंत आलीय ते पाहिलं, आणि काहीच सुरू न करता ॲपमधून बाहेर आले. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डीव्हीडी प्लेअरचं बटण दाबलं, डिस्क सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि तीच मालिका, तोच भाग, प्लेअरने बाहेर काढलेल्या जिभेवर ठेवला.

मिनल सोफ्यावरून हे सगळं बघत होती. हिंजवडीच्या ऑफिसला सुट्टी असली की तिचं लक्ष घरात फिरायचं.

“पप्पा, हाच भाग तिथं आहे. स्वच्छ दिसतो. तुमच्या डिस्कमध्ये माणसं पावसात भिजल्यासारखी दिसतात.”

“दिसायला दिसतो गं,” साहेबराव म्हणाले. “पण तो मुंबईहून तारेतून येतो. खंडाळ्याच्या घाटात निम्मे विनोद गळतात. परवा बरकतच्या रिपेअरिंगच्या दुकानात लावला होता, अख्खा भाग संपला, एक गिऱ्हाईक हसलं नाही. डिस्कमधला विनोद बरणीतल्या लोणच्यासारखा. जिथं भरला तिथंच मुरतो.”

याच सुरात त्यांनी कंपनीतल्या नव्या पोरांना सांगितलं होतं, की एकदा प्रेस मशीनखाली आपली सावली सापडली आणि पुढं आठवडाभर ती चपटी पडत होती. पोरांनी त्यांच्या पायाशी वाकून बघितलं होतं.

मिनल पायाशी बघणाऱ्यातली नव्हती.

“मग रेघ पुढं कशी सरकते? मी ही मालिका बघत नाही. तुम्ही डिस्क लावता. आई टीव्हीकडं पाठ करून भाजी निवडते. दोन महिने कुणीतरी आपल्या नावावर रोज बघतंय. पासवर्ड किती जणांना दिलाय?”

“दोघा-तिघांना.”

“वॉचमनला दिलाय,” कस्तुराबाई मेथीची जुडी सोडत म्हणाल्या. “बरकतभाईंना दिलाय. गॅसवाल्याला जिन्यात थांबवून विचारत होते, तुझ्याकडं टीव्ही हाय का म्हणून.”

“आता बदलतेच,” मिनलने फोन हातात घेतला. “कोण फुकटा आहे तो कळेल तरी. बंद पडलं की फोन करेल.”

‘फुकटा’ या शब्दाला साहेबरावांचा अंगठा रिमोटवर थांबला.

मुलाला, प्रीतमला, त्यांनी हेच म्हटलं होतं, याच खोलीत, दिवाळीच्या आधी. पोरासाठी चाकणच्या कंपनीत शब्द टाकून आले होते. पोरगा म्हणाला, पाळीवर जाणार नाही, तुमच्यासारखं भोंग्यावर जगणार नाही. साहेबराव म्हणाले, मग बहिणीच्या जिवावर फुकटचा टीव्ही बघत बस. प्रीतमने टीव्ही बंद केला, बॅग भरली आणि गेला. तेव्हापासून त्याचा नंबर लागत नव्हता. कुणी म्हणे तळेगावला खोली घेतलीय, कुणी म्हणे सुरतेला दिसला. साहेबराव तळेगावला दोनदा जाऊन आले. घरी सांगितलं, पेढे आणायला गेलो होतो.

आणि मग ही रेघ हलायला लागली. एका आठवड्यात सकाळची सरकायची, दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळची. गुरुवारी एकदम दोन-दोन भाग पुढं. गुरुवारी या पट्ट्यातल्या कंपन्या बंद असतात. बघणारा पाळीवर जाणारा होता, हे साहेबरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा सगळा जन्म त्याच वेळापत्रकात गेला होता.

पण पाळीवर काय, अर्धं चिंचवड जातं. बरकतचा पुतण्या अनिसही चाकणलाच होता. साहेबराव मुद्दाम दुकानात जाऊन बसले, दोन चहा प्याले, आडून विचारलं.

“अनिस फोनमध्ये काय बघतो ते त्याच्या अम्मीला माहीत नाही,” बरकत स्क्रू पिळत म्हणाला, “मला काय सांगणार? पण तुम्ही का विचारताय, साहेबराव? तुमची नजर आज पोलिसाची आहे.”

तेव्हापासून साहेबरावांना अनिसवरही संशय होता, आणि त्या संशयाचा रागही.

“गुरुवारपर्यंत थांब,” ते मिनलला म्हणाले.

“गुरुवारी काय आहे?”

“रेघ पेटीच्या भागावर पोचतेय.”

कस्तुराबाईंचा हात मेथीत थांबला.

प्रीतम लहान असताना त्याने पेटीच्या भागाची डिस्क खेळण्यातल्या ट्रकचं चाक म्हणून फरशीवर फिरवली होती. तेव्हापासून मालिकेतले आप्पा टोणगे मुंबईहून आलेल्या पेटीचं झाकण उचलायचे, त्यांचं तोंड उघडायचं आणि चित्र थिजायचं. बटण दाबून पुढच्या भागावर जावं लागायचं. पेटीतून काय निघालं ते या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबराव सांगायचे. कधी बोकड निघायचा, कधी आप्पांचे सासरे. प्रीतमला घोडा लागायचा, तोही चष्मा लावलेला. बटण दाबायच्या आधी तो घोडा सांगून घ्यायचा. कस्तुराबाई दर वेळी म्हणायच्या, पोरांना खोटं कशाला शिकवता.

“ॲपवर तर तो भाग पूर्ण आहे,” मिनल हळू म्हणाली.

“असू दे ना.”

“आणि दुसराच कुणी निघाला तर?”

“मग बदल. मी आडवा येणार नाही.”

तिने फोन उलटा ठेवला. पुढचे दिवस साहेबरावांनी एकही थाप मारली नाही. वॉचमनने तब्येत विचारली.

गुरुवारी संध्याकाळी मिनलनेच टीव्ही लावला. पासवर्ड बदलायचं पान तिच्या फोनवर उघडं होतं. साहेबराव खुर्चीत बसून राहिले. चष्मा कपाळावरही नव्हता, नाकावरही नव्हता. हातात होता.

“पेटीच्या आधीचा पूर्ण बघितलाय,” मिनल वाचू लागली. “पेटीच्या पुढचाही पूर्ण. त्याच्या पुढचा अर्धा.”

“आणि पेटीचा?”

“तो मध्येच सोडलाय. कंटाळा आला असेल.”

“कंटाळला असता तर पुढचे कशाला बघितले असते?” कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांची पाठ टीव्हीकडं नव्हती.

साहेबराव उठले. पेटीची डिस्क त्यांनी डब्यातून काढली, पुसली नाही, तशीच घातली. आवाज बारीक केला. नऊ टोणगे एका खोलीत एकमेकांच्या पायावर पाय देत होते. दारात हमाल आला. पेटी आली. आप्पांनी सगळ्यांना मागं सारलं, झाकणाला हात घातला, उचललं, तोंड उघडलं आणि थिजले.

मिनल प्लेअरजवळ जाऊन बसली. त्याच्यावरचे थांबलेले आकडे तिने पाहिले, मग हातातल्या फोनवर पेटीचा भाग कुठं सोडलाय ते काढून पाहिलं, मग परत प्लेअरकडं पाहिलं. असं दोनदा केलं. दोन्हीकडं तेच मिनिट, तोच सेकंद होता. थोड्या वेळाने तिने पासवर्डचं पान अंगठ्याने वर सारून घालवलं.

“पहिली पाळी असेल या आठवड्यात,” साहेबराव आप्पांच्या उघड्या तोंडाकडं बघत म्हणाले. “पहाटे उठावं लागतं. डबा कोण देतं कुणास ठाऊक.”

मिनलचा अंगठा अजून फोनवर होता.

“पण पप्पा, खरंच काय निघालं पेटीतून? इतकी वर्षं झाली. थोडंसंच बाकी आहे. लावू?”

“लावू नको,” साहेबराव म्हणाले. “रेघ सरकेल.”

प्लेअर घरघरत राहिला. पुढच्या भागावर जायचं बटण दाबायला कुणी उठलं नाही.

“घोडा होता,” कस्तुराबाई म्हणाल्या आणि मेथीचं ताट उचलून आत निघाल्या. “चष्मा लावलेला.”