अक्कांची बुटकी

आधी नाव घेतो: अक्का, घाटनांदूरच्या शिवारातल्या वरच्या वस्तीवरच्या. त्यांनी मला हात दिला. घडलं काय, ते मागाहून. त्या आठवतात तेव्हा अगोदर चेहरा येत नाही, वास येतो. दुपारच्या उन्हात तापलेल्या कडब्याचा कोरडा, गोडसर वास आणि त्यात मिसळलेला बंदुकीच्या तेलाचा उग्र दर्प. इथं कच्छच्या मिठागरावर कशालाच वास नाही. नजर पोचेल तिथवर निश्चल शुभ्रता. उजेड आभाळातून उतरत नाही, जमिनीतूनच वर येतो आणि डोळ्यांत रुततो. त्या उजेडात पाठमोरा उभा राहून मी सकाळपासून अक्कांना फोन लावतो आहे, आणि फोन लागत नाही. दसरा होऊन गेला. वस्ती ऊसतोडीला गेली असणार. रिकाम्या घरांच्या त्या रांगेत, कुलपांच्या आणि म्हाताऱ्यांच्या सोबतीला, अक्का एकट्या.

मी मूळचा तलवाड्याकडचा. मेंढरांच्या मागं वाढलो, आठवीत शाळा सुटली, आणि पुढं जे मिळेल त्याच्या मागं चालत राहिलो. अक्कांच्या वस्तीवर राखणीला लागलो तेव्हा त्यांचे मालक आजारानं जाऊन थोडेच दिवस झाले होते. मालकांची रायफल अक्कांच्या नावावर आली, आणि ती वाहून नेणारा म्हणून परवान्यावर त्यांनी माझं नाव चढवलं. "मल्हारी, तू मागं चालायचं. बोलायचं कमी, बघायचं जास्त." आमच्या नात्याचं सगळं व्याकरण त्या एका वाक्यात आलं.

रायफल आखूड होती. इतर बंदुकांचा जीव चापाच्या पुढं असतो; हिचा मुठीच्या मागं. काडतुसांची पेटी, काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट, सारं काही थेट बगलेत, गालाशी. म्हणून वस्तीवर तिचं नाव बुटकी. गोळी सुटली की काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडून बाहेर उडायची, आणि अक्का डावखुऱ्या. भाकरी डाव्या हातानं थापणाऱ्या, विळा डाव्या हातानं चालवणाऱ्या, रागावल्या की डावा हात पात्यासारखा हवेत फिरवणाऱ्या. सरावाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ती सवयीनं डाव्या खांद्याला लावली, आणि तापलेली पुंगळी गालाच्या हाडावर येऊन बसली. तिथं एक काळसर ठिपका कायमचा राहिला, गोंदवल्यासारखा. त्यानंतर बुटकी धरताना त्या तेवढ्यापुरत्या उजव्या होत. आपल्याच देहातला खांदा दुसऱ्याकडून उसना घ्यावा तशा जराशा अवघडून, मान किंचित कलती ठेवून उभ्या राहत. आणि त्या अवघडलेपणात त्यांचं वैधव्य जितकं दिसे तितकं पांढऱ्या कपाळातही दिसत नसे.

मला बुटकीचा भरवसा कधीच वाटला नाही. एका पेटीतून काडतूस सुरळीत चढे, दुसरीतून वाकडं. काळ्या मातीची धूळ पिठासारखी तिच्या पोटात शिरे. चाप लांबून दोरीनं बादली ओढावी तसा जड, कधी सुटेल त्याचा अदमास नाही. आणि सुटला की बार कानाशीच होई, मग कितीतरी वेळ जगभर रातकिडे. मी तिला पुसत असे, तेल देत असे, आणि पुन्हा पुन्हा मनाशी विचारत असे की वेळेला चालेल का. कारण वेळ येणार होती. मालकांचे चुलतभाऊ, बापू, बांधापलीकडच्या रानाचे धनी. त्यांचा डोळा अक्कांच्या जमिनीवर. बाजारात उघड म्हणत, "आता कोण हाय तिच्या मागं?" मागं मी होतो, आणि बुटकी होती. दोघांपैकी कुणाचा किती भरवसा, हे मला ठाऊक होतं.

अक्कांनी मात्र तिच्याकडून गोळीची अपेक्षा कधी केलीच नव्हती. त्यांना तिचा आवाज पुरे. बोल्ट मागं ओढला की *खट्ट*, सोडला की *खटाक*. हिवाळ्याच्या स्वच्छ हवेत तो दुहेरी ठोका ओढ्यापलीकडं ऐकू जाई, आणि बांधावर रेंगाळणारी माणसं चालू लागत.

दसऱ्याला वस्तीतल्या बायका तिची पूजा करीत. पाटावर बुटकी, झेंडूचा हार, आपट्याची पानं. अक्का दाराच्या चौकटीशी उभ्या. "मी न्हाई लावीत कुंकू. तुमीच लावा." सरू पुढं झाली, बापूंच्या ट्रॅक्टरवरच्या दिगूची बायको. "लावते की अक्का. आमी तोडीला गेल्यावर आमची घरं हीच राखती. माझी सासू तर म्हणती, सून न्हाई राखीत तेवढं बुटकी राखती!" बायका फिसकन हसल्या, आणि एकेकीनं हळद, कुंकू, मुठीमुठीनं अक्षता वाहिल्या. मी फडकं घेऊन पुढं सरलो, तर अक्कांनी डावा हात उचलला. "आज नको पुसू. पूजेची हाय, रातभर ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंचा ट्रॅक्टर बांधावर आला.

ऊन अजून कोवळं होतं, ज्वारीच्या पेरणीची माती ओली, काळी, लोण्यासारखी. दिगू नांगर टाकून बांधच मोडायला निघाला होता आणि मागून बापू हातवारे करीत होते. अक्का चपला न घालता गेल्या. मी मागं. बांधाशी पोचल्यावर त्यांनी माझ्या हातून बुटकी घेतली, पेटी बसवली, उसन्या खांद्याला लावली, आणि बोल्ट ओढला. *खट्ट.* सोडला. दुसरा ठोका आला नाही.

ती निःशब्दता मला अजून मोजता आलेली नाही. पक्ष्यांनीही श्वास धरला होता असं वाटतं, पण ट्रॅक्टर तर चालूच होता. म्हणजे निःशब्दता माझ्या छातीत असणार. बोल्ट अर्ध्यावर अडकला होता, आणि फटीतून तांदळाचा एक लाल दाणा दिसत होता. मी त्यांच्या जागी असतो तर बुटकी अडकल्याचं मरणाच्या दारातही लपवलं असतं. अक्कांनी रायफल माझ्याकडं दिली, झोपलेलं लेकरू देतात तशी अलगद, आणि जाऊन बांधावर बसल्या, थेट ट्रॅक्टरच्या तोंडासमोर.

"भाऊजी, बुटकी आज रुसली. कालच्या अक्षता अडकल्यात पोटात. म्हणून मीच आले."

"वैनी, उठा. नाटकं नका करू."

"बसलेल्या बाईला उठवायला ट्रॅक्टर आणलाव व्हय?"

बापू दिगूवर ओरडले, "बघतो काय बे? घाल पुढं!"

दिगूनं अक्कांकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या बुटकीकडं. झेंडूची एक पाकळी अजून नळीला चिकटलेली होती. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन थरथरत विझलं आणि शिवारभर नुसतं ऊन उरलं.

"मालक, त्या बंदुकीवर माझ्या घरचं कुंकू हाय," तो म्हणाला, आणि उतरून, चपला हातात घेऊन, नांगरटीतून चालत वस्तीकडं निघून गेला. बापू बराच वेळ उभे होते. ट्रॅक्टर त्यांना चालवता येत नव्हता.

परतताना ओढ्याशी आल्यावर अक्का पाण्यात पाय सोडून बसल्या आणि डाव्या हातानं गालावरचा ठिपका चोळीत राहिल्या.

"बरं झालं अडकली, मल्हारी. माझं बोट चापावर गेलतं." मग पाण्याकडं बघतच: "आणि समोर कोण होतं? दिगू. भाऊजी तर मागं होते."

वर्षभर मी जिच्या न चालण्याला भ्यायलो होतो, तिच्या चालण्याची भीती मला त्या पाण्याकाठी प्रथम कळली.

पुढं निवडणूक लागली, रिवाजाप्रमाणे सगळ्या परवानेवाल्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या, आणि निवडणूक उरकल्यावर अक्का आपली परत आणायला गेल्याच नाहीत. परवानाही सोडून दिला. बांधाचं भांडण बापूंच्या तोंडात राहिलं, जमिनीवर उतरलं नाही. बंदूक नाही म्हटल्यावर मी कशाला? पण त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं नाही. माहेरच्या ओळखीनं या मिठागरावर राखणीचं काम लावून दिलं. एसटीत बसवताना खिडकीतून भाकरीचं गाठोडं डाव्या हातानं वर दिलं आणि म्हणाल्या, "कावून रडतो? तुझं वय बंदुकीमागं चालायचं न्हाई."

इथं माझ्या हातात काठी आहे आणि बॅटरी. खारा वारा लोखंडाचा जीव घेतो, कडीकोयंडे सडतात. बुटकी इथं महिनाभर टिकली नसती. कधी कधी वाटतं, अक्कांचा आवाजही या वाऱ्यात असाच गंजत जाईल, आणि एक दिवस फोन लागेल तेव्हा मला तो ओळखू येणार नाही. पुन्हा लावतो. पुन्हा तीच मुकी शांतता. डोंगराआड गेल्या असतील, शेळ्या घेऊन. फोन चुलीपाशी राहिला असेल. असं काहीतरी असेल.

अक्का, एक ना एक दिवस तुमचे पांग फेडायला मी येईन. दसरा झाला, सरूसारख्या साऱ्याजणी तोडीला गेल्या, घरांना कुलपं लागली की रिकाम्या हातानं बांधावर मी बसेन. तुम्ही आत निवांत झोपा, डाव्या कुशीवर. तोवर माझ्याजवळ त्या सकाळचा पहिला ठोका आहे. दूर गेलेल्या माणसाच्या वाट्याला काळ एवढाच येत असावा: एक *खट्ट* ऐकू येऊन गेलेलं, आणि दुसरा आवाज येईपर्यंत कान देऊन उभं राहणं.