साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा

त्या बालवाडीत दोन सख्ख्या जावा होत्या आणि दोघीही शिकवत नसत. हे त्या स्वतःच सांगत, आणि नव्या पालकांच्या कपाळाला आठ्या पडत त्या याच वाक्याने. मुलांनी खेळायचं, बाईंनी सामान मांडायचं, भांडण हातघाईवर आलं तर मध्ये पडायचं आणि उरलेला वेळ बघायचं. बघण्यासाठी एक बुटकं स्टूल होतं. दोघींपैकी एकीने रोज वीस मिनिटं त्यावर बसायचं आणि दिसेल तेवढंच वहीत लिहायचं. "मूल आनंदी होतं" असं कुठे आलं की थोरली ते खोडायची.

"आनंदी कशावरून? दात दिसले का? मग दात दिसले असं लिही."

धाकटीला लिहिणं जमायचं. जमायचं नाही ते हात स्वस्थ ठेवणं. दहा वर्षं ती नेहमीच्या शाळेत लाल पेन चालवून आली होती. समोर एखाद्याने बटण चुकीच्या काजात घातलं की तिची बोटं शिवशिवायची. यावर थोरलीचा उपाय ठरलेला होता: स्टुलावर बसलं की दोन्ही हात मांडीखाली.

"मग लिहू कशानं, जाऊबाई?"

"लिहिताना एक काढ. दुसरा आत."

त्या दिवसांत वहीत सगळ्यात जास्त पानं मुंगीची होती. मुंगी चार वर्षांची. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे न्यायची म्हणून थोरलीने तिला हे नाव ठेवलं होतं. पण गेले सहा आठवडे तिने एकच खेळ धरला होता. उभा अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा पाइप ठोकळ्यांवर तिरका ठेवायचा, वरून लाल रबरी चेंडू सोडायचा आणि तो खालच्या पत्र्याच्या बादलीत पडायला हवा. तो पडत नव्हता. वहीप्रमाणे सेहेचाळीस वेळा पडला नव्हता, आणि दर वेळी बादलीच्या डावीकडेच गेला होता. मुंगी एक ठोकळा वाढवून बघायची, एक काढून बघायची. बादली मात्र हलवायची नाही, हा तिचाच नियम. का, ते वहीत नव्हतं.

गुरुवारी मुंगीची आई तिला न्यायला आली ती मनाशी काही ठरवून आल्यासारखी. ती रक्ताचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि मोजकं बोलायची.

"रोज विचारते, आज काय केलंस. रोज म्हणते, चेंडू पडला नाही. वरच्या रस्त्यावरच्या शाळेत हिच्याएवढी पोरं नाव लिहितात."

"लिहितात," थोरली म्हणाली.

"उद्या सुट्टी घेतलीय. इथं बसून बघते. मला काही दिसलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तिकडे. तिथला फॉर्म भरून ठेवलाय."

थोरलीने मान डोलावली आणि रंगाचे ब्रश धुवायला गेली. धाकटीला मात्र ते लागलं. वरच्या रस्त्यावरची शाळा तिला आतून माहीत होती. तिची दहा वर्षं तिथेच गेली होती. एका चेंडूसाठी सेहेचाळीस वेळा उठणाऱ्या पोरीला तिथे काय म्हणतात तेही माहीत होतं. तिने स्वतःच म्हटलं होतं, बऱ्याच जणींना: जागेवर बस.

शुक्रवारी सकाळी थोरली अंगणात पाण्याचा टब भरत होती. धाकटी आत जमिनीवर आडवी झाली आणि तिने एक डोळा मिटून पाइपकडे पाहिलं. कारण दिसायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पाइपला अगदी केसाएवढा पीळ होता, त्यामुळे त्याची डावी कड खाली झुकली होती. बेसिनजवळ साबणाचं रिकामं खोकं पडलं होतं. तिने त्याचा तुकडा फाडला, चार घड्या घातल्या आणि डाव्या कडेखाली सरकवला. एकदा चेंडू सोडून बघितला. ठण्ण. मग चेंडू होता तिथे ठेवला आणि हात धुतले. वहीत काही लिहिलं नाही.

नऊ वाजता मुंगीची आई मुलांच्या खुर्चीत बसली. गुडघे हनुवटीला लागत होते. मुंगीने चेंडू सोडला. ठण्ण.

"पडला की गं," आई म्हणाली.

मुंगीचे दात दिसले नाहीत. तिने बादलीत वाकून पाहिलं. पुन्हा सोडला, पुन्हा ठण्ण. आई उठून थोरलीपाशी गेली. "ठीक आहे. राहू दे हिला इथंच. सहा आठवडे धरून बसली आणि जमवलं, हे मलाही जमलं नसतं." थोरलीने पुन्हा तशीच मान डोलावली. धाकटीचा जीव भांड्यात पडला. आणि तिथून तिने पाहिलं तर मुंगी पोटावर पालथी पडून पाइपखाली हात घालत होती.

मुंगीने पुठ्ठा बाहेर काढला. उलटून पाहिला. त्याच्याशिवाय चेंडू सोडला. तो डावीकडे गेला. मग तिने पुठ्ठा उचलून दाराजवळच्या सापडलेल्या वस्तूंच्या डब्यात नेऊन टाकला.

या डब्याचा एक रिवाज होता. घरी जायच्या आधी सगळे गोल करून बसत आणि थोरली एकेक वस्तू वर धरून विचारी, "हे कुणाचं?" ज्याचं असेल त्याने उभं राहायचं, "माझं" म्हणायचं आणि न्यायचं. कुठे टाकलं होतंस, का टाकलंस, असं कुणी विचारायचं नाही. मालक न सापडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारली जाई. एक निळा मोजा चार महिने विचारला जात होता.

त्या दिवशी आधी मोजा झाला, मग एक केसांची पिन. मग थोरलीने पुठ्ठा वर धरला.

"हे कुणाचं?"

"कचरा आहे तो," एक मुलगा म्हणाला.

"कचरा नाही. माझ्या पाइपाखाली होतं. माझं नाही पण," मुंगी म्हणाली.

थोरलीने पुठ्ठा नाकाशी नेला. हुंगला. कुणाकडेही बघितलं नाही. "हे कुणाचं?"

धाकटी गप्प राहिली असती तर काही बिघडलं नसतं. आईचा निर्णय झाला होता, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. पण सोमवारी तो पुठ्ठा पुन्हा वर धरला जाणार होता, आणि मंगळवारी, मोज्यासारखा. शिवाय मुंगी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"माझं," धाकटी म्हणाली आणि उभी राहिली.

मुंगीने तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, आपल्या वस्तू आपल्या जागी ठेवायच्या," ती म्हणाली. रोज तिला सांगितलं जाई त्याच सुरात.

मुलं चपला घालायला गेल्यावर गोलाबाहेर बसून सगळं ऐकलेली आई म्हणाली, "म्हणजे ते तिनं केलं नव्हतं."

"नाही. मी केलं. तुम्ही येणार म्हणून."

"आमच्याकडे नमुन्यात कुणी बोट घातलं तर अहवाल देत नाहीत. टाकून देतात. पुन्हा घेतात." तिने पर्स खांद्याला लावली. "पुढच्या शुक्रवारी येते. फॉर्म माझ्याकडेच आहे."

थोरली धाकटीला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आठवडाभर स्टूल तुझं. दोन्ही हात आत."

"आणि लिहिणार कोण?"

"मी. तू सांग."

आठवडाभर चेंडू डावीकडेच गेला. शुक्रवारी आई आली आणि त्याच खुर्चीत बसली. वहीत तोवर साठ झाले होते. एकसष्टाव्यानंतर मुंगी उठली आणि सरळ स्टुलापाशी आली.

"बाई, तुमचा पुठ्ठा द्या. परत देईन."

धाकटीने एक हात बाहेर काढून खिशातला पुठ्ठा दिला. मुंगीने तो पाइपच्या उजव्या कडेखाली घातला. चेंडू डावीकडे, पहिल्यापेक्षा दोन विती लांब गेला. मुंगीने तो आणला, तशीच मांडी घालून बसली आणि बादलीकडे, पुठ्ठ्याकडे, पुन्हा बादलीकडे बघत राहिली. बराच वेळ. मग तिने पुठ्ठा काढला. तो हातात धरून ती पाइपच्या दुसऱ्या बाजूला निघाली आणि मध्येच थांबली.

आई खुर्चीतून पुढे झुकली. तिचा हात उठला होता, बोट डाव्या कडेकडे.

"हात मांडीखाली घ्या," धाकटी हळूच म्हणाली. "मलाही त्रास होतो. सवय होते."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग एक हात आत घेतला, मग दुसरा. तशाच दोघी बसून राहिल्या. मुंगीने पुठ्ठ्याची एक घडी उलगडली, पुन्हा घातली, आणि तो आधी ठोकळ्याखाली घालून बघितला. चेंडू कपाटाखाली गेला.

"बासष्ट आणि त्रेसष्ट," थोरलीने वहीत टिपलं.

जाताना आई दारात थांबली. "हिचे इथं ठेवलेले जास्तीचे कपडे संपलेत ना? सोमवारी पाठवते," ती म्हणाली, आणि मुंगी कपाटाखालून चेंडू काढून आणेपर्यंत थांबून राहिली.