मोटरसायकलची एटीकेटी

विश्वास मागून मिळत नाही. तो वर्षानुवर्षं, न चुकता, गाजावाजा न करता कमवावा लागतो. आणि ज्याने तो कमावला त्याच्यापुढे मोठमोठ्यांनी मान तुकवावी. प्रताप देवस्थळी हे चारचौघांत म्हणायचा तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे, हा आपल्या वडिलांबद्दल बोलतोय, नाहीतर शाळेतल्या एखाद्या सरांबद्दल. तो बोलत असे एकशे पंचवीस सीसीच्या, सोळा वर्षं वयाच्या मोटरसायकलबद्दल. ती टॅम्पिनीसमधल्या त्याच्या ब्लॉकशेजारी, बहुमजली कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर, एका खांबाआड उभी असे.

सिंगापुरात मोटरसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणीला न्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, धूर, आवाज, सगळं बघतात. पास झाली तर रोड टॅक्स भरता येतो. नाही झाली तर बसा. प्रतापची गाडी तेरा वेळा गेली होती आणि तेराही वेळा पहिल्या फटक्यात पास होऊन आली होती. ती तेरा प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून त्याने एका निळ्या फाइलीत लावली होती. घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांना गोड झाल्यावर ही फाइल दाखवली जायची. बरेच पाहुणे दुसऱ्यांदा आले नाहीत.

या प्रेमाला कारण होतं. प्रताप मेकॅनिकल इंजिनिअर होता, म्हणजे पुण्यातून तशी पदवी घेऊन तडक आयटीत शिरला होता. गेली वीस वर्षं त्याने स्लाइड्स केल्या होत्या, इतरांनी केलेल्या स्लाइड्स सुधारल्या होत्या आणि हल्ली तो स्लाइड्स सुधारणाऱ्यांच्या मीटिंगा घ्यायचा. हाताखाली चाळीस माणसं होती, पण हातात काहीच नव्हतं. पाना घेऊन ज्याच्याजवळ बसता येईल असं जगात त्याचं एवढंच उरलं होतं. ही गाडी गेली असती तर आपण इंजिनिअर आहोत, हे त्याला स्वतःलाच पटवणं अवघड गेलं असतं.

त्याची बायको नीता तांजोंग पगार भागातल्या एका कंपनीत इंटर्नल ऑडिटला होती. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी ती भाजी घेऊन आली, तेव्हा प्रताप इडलीच्या कुकरात कार्ब्युरेटर उकळत होता. ऑडिटची माणसं आवाज चढवत नाहीत, कागद काढतात. नीताने कागद काढला आणि लिहिलं, "ज्या वर्षी मोटरसायकल तपासणीत नापास होईल, त्या वर्षी ती विकावी." खाली दोघांच्या सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून आठ वर्षांच्या लेकीने, इराने, मांजर काढलं. दहा वर्षांची जुनी गाडी, फार तर पुढच्या वर्षी जाईल, असा नीताचा हिशेब होता. तो सहा वेळा चुकला होता. इडल्या अजून नव्या कुकरात होत होत्या आणि जुना कुकर अजून प्रतापचा होता.

यंदाच्या चौदाव्या तपासणीसाठी प्रतापने नेहमीप्रमाणे तीन आठवडे आधी कंबर कसली. त्याची एकेचाळीस कलमी यादी होती. प्रत्येक कलमापुढे तो बरोबरची खूण करायचा, आणि खूण करण्याआधी ते कलम खरोखर तपासायचा. अपवाद फक्त सदतिसाव्या कलमाचा: हॉर्न. कारपार्कात हॉर्न वाजवणं त्याला बरं दिसत नसे. शिवाय पुण्यात वाढलेल्या माणसाच्या लेखी हॉर्न ही बिघडणारी वस्तूच नव्हती. त्याच्या कॉलेजातल्या स्कूटरचा मागचा ब्रेक दोन वर्षं लागत नव्हता. त्या काळात ती निव्वळ हॉर्नवर चालली.

शनिवारी सकाळी तो तपासणी केंद्रावर रांगेत उभा राहिला. बरोबर निळी फाइल आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स, प्रत्येकीवर स्वतःची सही. त्या आजवर कुणी मागितल्या नव्हत्या. मलाय इन्स्पेक्टर पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्याने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, एक्झॉस्टमध्ये नळी घालून धूर मोजला. प्रताप बाजूला हात बांधून उभा होता, लेकीच्या गाण्याच्या परीक्षेला उभं राहावं तसा.

"हॉर्न, बॉस," इन्स्पेक्टर म्हणाला.

प्रतापने बटण दाबलं. कुणी जिभेने 'च्' करावं तेवढा आवाज आला.

"अगेन."

पुन्हा दाबलं. या वेळी तेवढाही आला नाही.

"नेव्हर यूज, इज इट?"

प्रताप आठवू लागला. सोळा वर्षांत सिंगापुरात आपण एकदाही कुणावर हॉर्न वाजवला नाही, हे तो पुण्यातल्या मित्रांना अभिमानाने सांगायचा. इथे येऊन माणूस कसा सुधारतो याचा तो दाखला होता. हॉर्न वाजायचा तो वर्षातून एकदा, याच जागी, याच माणसासमोर. वापराअभावी तो गेला होता. पुण्यातल्या एरंडवण्याच्या माणसाची गाडी हॉर्नमध्ये राहिली, ही बातमी एरंडवण्यात पोचली तर काय, या विचाराने त्याचे कान तापले.

"फिक्स ऑलरेडी, कम बॅक," म्हणत इन्स्पेक्टरने कागद दिला. त्याला झेरॉक्स या वेळीही नको होत्या.

घरी नीता सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. इरा जेवणाच्या टेबलाशी कानात इअरफोन घालून अभ्यास करत होती, किंवा तसं दिसत होतं.

"झाली पास?" नीताने विचारलं.

"जवळजवळ. एक बारीकसं ऑब्झर्व्हेशन आहे."

"ऑब्झर्व्हेशनं मी लिहिते रे. दाखव."

तिने कागद वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला. सहा वर्षं वाट पाहिलेला माणूस घाई करत नाही.

"इथे फेल लिहिलंय."

"पूर्ण वाच. एकाच गोष्टीत राहिली आहे. बाकी सगळं क्लिअर. हॉर्न दुरुस्त करून नेली की झालं."

"म्हणजे नापास."

"नापास कसं? पुन्हा बसता येतं. याला नापास नाही म्हणत, नीता. ही एटीकेटी आहे."

एटीकेटी म्हणजे एखाद-दुसऱ्या विषयात राहिलेल्याला वर्ष न गमावता पुढच्या वर्गात बसू देण्याची इंजिनिअरिंग कॉलेजातली सोय. नीताने ती फक्त ऐकली होती. ती स्वतः आयुष्यात कशातच राहिली नव्हती. ड्रायव्हिंगची लेखी परीक्षासुद्धा ती पन्नासपैकी पन्नास मिळवून सुटली होती आणि नंतर गाडी शिकलीच नव्हती.

"ते तुमच्या कॉलेजातलं मला सांगू नकोस," ती म्हणाली. "राहिला तो राहिला. फेल म्हणजे नापास."

"फेल इज फेल, लाह, बाबा," इरा मान वर न करता म्हणाली. ती साक्षीदारच होती.

दोघींनी मिळून घेरल्यावर प्रतापचा तोल सुटला. "असं कसं? आमच्याकडे एटीकेटीला कुणी नापास म्हणतच नव्हतं. मला स्वतःला चार होत्या. म्हणून काय मी इंजिनिअर झालो नाही?"

इराने एका कानातला इअरफोन काढला.

"चार?" नीता म्हणाली.

एकोणीस वर्षं जपलेली गोष्ट प्रतापने हॉर्नपायी घालवली होती.

"कशा-कशात?"

"गणितात. एम-थ्रीत सगळ्यांनाच असायची."

"ती एक झाली."

"थर्मो. आणि थिअरी ऑफ मशीन्स." तो थांबला. "ती दोनदा."

"यंत्रांच्या विषयात दोनदा," नीता म्हणाली, "आणि माझ्या कुकरात कार्ब्युरेटर." मग तिला काहीतरी आठवलं. "थांब. तू बघायला आलास तेव्हा अप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं तुला."

"कधी नापास झालात का, असं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. एटीकेटी विचारली असती तर सांगितली असती."

"अप्पा अजून सांगलीत लोकांना सांगतात, आमचे जावई एका दमात इंजिनिअर."

"दम एकच होता. लांबला थोडा."

नीताने कागद मांडीवर ठेवला. तिची अडचण साधी होती आणि ती तिला लगेच दिसली. एटीकेटी म्हणजे नापास, असं धरलं तर मोटरसायकल आजच्या आज विकता येत होती. पण मग एकोणीस वर्षांपूर्वी ह्या माणसाने भर बैठकीत अप्पांना थाप मारली होती, आणि ब्याऐंशी वर्षांचे अप्पा ती थाप रोज सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांना खरी म्हणून सांगत होते. एटीकेटी म्हणजे नापास नव्हे, असं धरलं तर अप्पांची अब्रू राहत होती आणि मोटरसायकलही. एकाच घरात गाडीला एक नियम आणि नवऱ्याला दुसरा लावणं तिला जमणारं नव्हतं. असलं कुठे सापडलं तर ती लोकांना ईमेल पाठवायची.

"प्रताप, मला सांगायचंस तरी."

"लग्नाआधी सांगायचं राहिलं. नंतर तू बढतीवर बढती घेत गेलीस. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

हे तो फाइलीकडे बघत म्हणाला.

"सो ममा," इराने दुसराही इअरफोन काढला, "एटीकेटी इज नॉट फेल?"

"तुला काय करायचंय?"

"नथिंग. माझं मॅथ्स पण एटीकेटी आहे." तिने दप्तरातून अकरा दिवसांपूर्वीची एक उत्तरपत्रिका काढली. शंभरपैकी एक्केचाळीस. "साइन हवी आहे. मंडेला टीचर री-टेस्ट घेणार."

एरवी या आकड्यावर प्रताप तासभर बोलला असता. आता त्याने पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट पाहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ट्रिगनॉमेट्री अवघडच असते." मग सही केली.

नीता उठली. कपाटातून सहा वर्षांपूर्वीचा कागद काढून तिने मांजराच्या वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, "पुन्हा बसून सुटल्यास नापास धरू नये. हे कलम यंत्र, पती व अपत्य या तिघांना लागू."

"आणि पुन्हा बसूनही नाही सुटलं तर?" प्रतापने विचारलं.

"गाडी विकायची, इराला क्लास लावायचा. तुला ठेवून घ्यावं लागेल, तुझा रिझल्ट लागून झालाय."

रविवारी सकाळी प्रताप आणि इरा कारपार्कात उतरले. इराने टॉर्च धरला. टॉर्च धरता-धरता तिने साइन आणि कोसाइनमधला फरक विचारला आणि तो बापाला सांगता आला, याचं दोघांनाही आश्चर्य वाटलं. प्रतापने हॉर्नची वायर सोडवली, गंजलेलं टोक पॉलिशपेपरने घासलं, पुन्हा जोडलं, डोळे मिटून बटण दाबलं. चौथा मजला दणाणला. शेजारच्या ओळीत ट्रॉली ओढत चाललेल्या एक चिनी आजी थांबल्या, त्यांनी मागे वळून पाहिलं. प्रतापने दोन्ही हात जोडून क्षमा मागितली आणि मग, त्या वळल्यावर, खात्रीसाठी आणखी एकदा दाबलं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो गाडी घेऊन गेला. त्याच इन्स्पेक्टरने तेच बटण दाखवलं. हॉर्न वाजला. गाडी पास झाली. संध्याकाळी इराही बावन्न मिळवून सुटली आणि नीताने त्या आनंदात इडल्या केल्या. जेवणानंतर प्रतापने चौदावं प्रमाणपत्र पाकिटात घातलं, फाइलीत लावलं आणि त्याखाली मीटरचा आकडा नोंदवला. गेल्या वर्षीच्या तपासणीनंतर गाडी अठ्ठावीस किलोमीटर चालली होती. तपासणी केंद्र घरापासून सात किलोमीटरवर आहे. एरवी वर्षाला चौदाच होतात.