किडीची जागा

फिलिप पेंटरच्या ब्रशाला एक खोड होती. कशालाही चमक दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सायकलच्या टायरला चमक, जिलबीला चमक, बैलाच्या शिंगाला चमक. एका उमेदवाराच्या टकलाला त्याने भिंतीवर अशी चमक दिली होती, की तो पडल्यावर मिरजगावातल्या लोकांनी दोष पक्षाला दिला नाही, पेंटरला दिला.

पण ते दिवस गेले. फ्लेक्स आला आणि फिलिपच्या हाताला काम उरलं नाही. वाढदिवस, सत्कार, श्रद्धांजली, सगळंच छापून निघू लागलं. एकेक करून त्याच्या पाट्या उतरल्या, कुणी त्यांच्यावर चुना मारला, कुणी त्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावल्या. गेली पंधरा वर्षं तो लोकांची घरं रंगवायचा आणि ख्रिस्ती दफनभूमीतल्या क्रुसांवर नावं काढायचा. त्या नावांनाही चमक द्यायचा. पाळकसाहेबांनी एकदा हळूच सांगितलं, तेव्हा कमी केली.

घर चालायचं ते मरियाच्या पंधरा गुंठ्यांवर. मरिया म्हणजे त्याची बायको. बोलायला थोडी, कामाला वाघ. तिची काटेरी वांगी अख्ख्या मिरजगावात नावाजलेली. औषध म्हणून ती कधी फवारायची नाही. चारातलं एक वांगं किडकं निघायचं, पण घेणाऱ्याला ते आधीच ठाऊक असायचं आणि सांगणारी तीच असायची. "जे आपल्या ताटात चालत न्हाई, ते दुसऱ्याच्या ताटात कसं घालू?" एवढंच तिचं शेतीशास्त्र आणि एवढंच धर्मशास्त्र.

अशात दिवाळीच्या पाडव्याला हायवेवर हर्षलने दुकान काढलं. हर्षल गावचाच, पण आठ वर्षं पुण्यात राहून आलेला. दुकानाला काचेचं दार, आत थंडगार, नाव 'हंगाम फ्रेश'. दारावरच लिहिलेलं, 'फक्त हंगामातलं, फक्त आपल्या मातीतलं.' आत शिरल्याबरोबर परदेशी सफरचंदं मांडलेली होती. त्यांची माती कोणती, हे गावात कुणी विचारलं नाही, कारण नवीन दुकानात पहिल्याच दिवशी असं विचारणं बरं दिसत नाही.

हा हर्षल एके सकाळी फिलिपच्या दारात आला.

"काका, मला तीन बोर्ड रंगवून पाहिजेत. हिवाळा, पावसाळा, उन्हाळा. त्या त्या हंगामातली फळं आणि भाज्या. हाताने काढलेल्या."

"हातानं?" फिलिपला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. "फ्लेक्स करून घे की. तासाभरात मिळंल."

"फ्लेक्स आता कुणी बघत नाही काका. हाताने काढलेलं म्हणजे खरं वाटतं लोकांना. आधी हिवाळा करा. जमला तर बाकीचे दोन तुमचेच. आणि खाली कोपऱ्यात तुमचं नाव टाका, मोठ्ठं."

नाव! तिथेच फिलिप विरघळला. आयुष्यभर त्याने गावाची नावं लिहिली होती. त्याचं स्वतःचं आता कुठेच उरलेलं नव्हतं. वर हर्षलने जाता जाता मरियालाही सांगितलं, "मावशी, तुमची वांगी मीच घेणार. मंगळवार-शुक्रवार, दोन-दोन क्रेट." एकाच सकाळी नवऱ्याला काम आणि बायकोला गिऱ्हाईक. मरियाने चहात दूध जास्त घातलं.

आठ दिवस फिलिप घरात मावला नाही. मटार काढला, गाजर काढलं, पेरू, बोरं, हरभऱ्याची डहाळी काढली. मधोमध सगळ्यात मोठं वांगं. नमुना म्हणून मरियाने मळ्यातलंच एक आणून समोर ठेवलं होतं. जरा वाकडं, एका बाजूने फिकट, देठाखाली अळीचं बारीक भोक. फिलिपने ते नीट न्याहाळलं आणि काढताना वाकडं ते सरळ केलं, फिकट ते गडद केलं, भोक तर काढलंच नाही. मग सवयीप्रमाणे पोटावर पांढऱ्या रंगाची एक लांब चमक ओढली. वांगं असं झळकलं, की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

मरिया पदराला हात पुसत आली, बराच वेळ बघत राहिली.

"कुनाच्या मळ्यातलं हाय हे?"

"तुझ्याच की. ते बघ, समोर ठेवलंय."

तिने एकदा समोरच्या वांग्याकडे पाहिलं, एकदा बोर्डावरच्या. "लई छान हाय," म्हणाली आणि समोरचं वांगं उचलून भाजीला नेलं.

बोर्ड दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लागला. खाली कोपऱ्यात 'फिलिप आर्ट्स, मिरजगाव', अर्थातच चमकेसह. रस्त्यापलीकडे केळी-संत्र्यांचा गाडा लावणारा गनीभाई, फिलिपचा शाळेपासूनचा दोस्त, मुद्दाम रस्ता ओलांडून आला.

"पेंटर, असलं वांगं अल्लानं बी बनवलं न्हाई."

फिलिपने हे कौतुक म्हणून घेतलं.

पहिल्याच मंगळवारी मरियाचे दोन क्रेट गेले आणि एक परत आला. हर्षलने बोर्डासमोर उभं राहून एकेक वांगं चित्राशेजारी धरून पाहिलं होतं. "मावशी, गिऱ्हाईक आत येतं ते हा बोर्ड बघून. मग खाली हे दिसलं तर म्हणतं, ही ती वांगी नाहीत. चित्रासारखी आणा ना. काकांनी तुमचीच बघून काढलीत म्हणे." शुक्रवारी दीड क्रेट परत आला. त्यात काही तर नुसती वाकडी होती. कीड नाही, काही नाही, पण चित्रातलं वांगं सरळ, त्याला हर्षल तरी काय करणार!

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बायकोच्या मालाला आपल्याच हाताने काढलेलं चित्र आडवं आलं, हे फिलिपला कळत होतं. पण त्याच वेळी येणारा-जाणारा बोर्डाखाली उभा राहून फोटो काढत होता आणि उरलेले दोन बोर्ड अजून यायचे होते. तो गप्प बसला. परत आलेली वांगी मरियाने शेजारीपाजारी वाटली. तीही गप्पच. त्या घरात दोन गप्प माणसं होती आणि ढीगभर वांगी.

पुढच्या आठवड्यात एकदा फिलिप घरी आला तर ओसरीवर उग्र वास. त्याला वाटलं, टर्पेंटाइनचा डबा सांडला. तो नव्हता. कोपऱ्यात फवारणीचा पंप उभा होता, शेजाऱ्याकडून मागून आणलेला, आणि मरिया न्हाणीत साबणाने कोपरापर्यंत हात धूत होती. धुऊन झाले की पुन्हा धूत होती.

"मरिया, फवारलंस?"

"मग काय करू? चितारलंय तुमी, आता उगवायला नको का मला?"

या बोलण्यात राग असता तर फिलिपला बरं वाटलं असतं. राग नव्हता.

वांगी सुधारली. सरळसोट, गडद, टच्च भरलेली. हर्षल खूश, दोन्ही क्रेट जागच्या जागी पसंत. "बघा मावशी, मनात आणलं तर होतं!" पण घरच्या भाजीसाठी मरिया मळ्याच्या बांधाकडच्या चार झाडांकडे जाऊ लागली. ती चार तिने फवारली नव्हती. फिलिपने एकदा क्रेटमधलं एक वांगं उचलून चुलीशी ठेवलं, तर तिने ते परत क्रेटमध्ये टाकलं. त्या रविवारी देवळात पाळकसाहेब प्रार्थना सांगत असताना ती डोळे मिटून बसली होती, पण तिचे ओठ हलत नव्हते. तीस वर्षांच्या संसारात फिलिपने हे पहिल्यांदा पाहिलं. त्याला स्वतःच्या ब्रशाची लाज वाटली. फ्लेक्सने पोट मारलं होतं, पण मरियाची प्रार्थना तर फ्लेक्सने मोडली नव्हती.

सोमवारी दुकान उघडताच तो शिडी, डबा आणि बारीक ब्रश घेऊन गेला. हर्षल आतल्या बाजूला फोनवर होता. फिलिप शिडीवर चढला. समोर त्याचं आयुष्यातलं सगळ्यात सुरेख वांगं. त्याने चमक रंगाने बुजवली, कड जरा वाकडी केली, आणि मग तपकिरी-काळ्या रंगात ब्रश बुडवून बरोबर पोटावर एक गोल भोक काढलं. भोवती थोडा करपट रंग. भोक झकास उतरलं. सवयच ती, वाईट काढता येत नव्हतं.

"काका! हे काय केलंत?" हर्षल फोन तसाच हातात धरून बाहेर आला. "माझ्या दुकानात किडकं वांगं?"

"खरं वांगं असंच असतं, बाळा. तुझ्या दारावर लिवलंय ना, आपल्या मातीतलं."

"ते दारावर ठीक आहे! संध्याकाळपर्यंत मला हे भोक बुजवलेलं पाहिजे. नाहीतर बाकीचे दोन बोर्ड विसरा. नावसुद्धा पुसून टाकीन मी."

"पूस," फिलिप म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचाच त्याला अचंबा वाटला. त्याने ब्रश धुतला, डबा बंद केला आणि शिडीवरून उतरला. बऱ्याच वर्षांनी त्याची मान ताठ होती.

आणि फिलिपचं नशीब असं, की नेमकी त्याच वेळी नगरकडची एक मोठी गाडी दारात थांबली. काळा चष्मा लावलेल्या एक बाई उतरल्या, बोर्डासमोर उभ्या राहिल्या, चष्मा वर केला.

"अय्या, वांग्याला कीड दाखवलीय! म्हणजे तुमच्याकडे फवारलेलं नसतं?"

हर्षलने बाईंकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, फिलिपकडे पाहिलं. आठ वर्षं पुण्यात राहिल्याचा उपयोग त्या एका क्षणात झाला.

"कधीच नाही, मॅडम. म्हणून तर मुद्दाम काढून घेतलंय. हे आमचे आर्टिस्ट."

बाईंनी चार किलो वांगी घेतली, भोकाचा फोटो घेतला, भोकासोबत स्वतःचाही घेतला. पुढच्या चार दिवसांत तो फोटो कुठे कुठे फिरला कोण जाणे, पण गाड्या थांबायला लागल्या. येणारा प्रत्येक जण किडकं वांगं आहे का म्हणून विचारायचा. गनीभाई गाड्यावरून बघत होता. "पेंटर," तो म्हणाला, "माझी डागाळलेली केळी आजवर म्हशीला घालत हुतो. येडा मी."

शुक्रवारी मरियाचे दोन्ही क्रेट परत आले. सगळे. एकही वांगं हर्षलने ठेवून घेतलं नाही.

"मावशी, ही प्लास्टिकची वाटतात हो! गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. पहिल्यासारखी आणा ना, थोडी किडकी. फार नको, चारात एक." आणि फिलिपच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, दोन्ही बोर्ड तुमचेच. प्रत्येक फळाला एक भोक. एकच बरं का, जास्त घाण नको."

घरी दोन्ही क्रेट ओसरीवर ठेवून नवरा-बायको त्यांच्याकडे बघत बसली. कीड काही बाजारात विकत मिळत नाही. फवारलेल्या झाडाला ती परत यायला महिना जाईल, आणि बांधाकडच्या चार झाडांवर घरची भाजीच जेमतेम भागायची. मंगळवार चार दिवसांवर.

शेवटी फिलिप उठला. त्याने जुना ब्रश घेतला, त्याच्या दांडीला चाकूने टोक काढलं आणि एक वांगं उचलून देठाखाली हलकेच टोचलं. दोन दिवसांत जखम तपकिरी पडेल, हे त्याला रंगाऱ्याच्या अनुभवाने कळत होतं. मरिया पाठमोरी बसून होती. त्याला वाटलं, ती आता उठून निघून जाईल. जावं, असंही वाटलं. ती उठली खरी, पण त्याच्या हातातली दांडी तिने काढून घेतली.

"तिथं नगं."

"का? अळी देठाखालनंच शिरती ना?"

"शिरती. पन हर्षल चित्राशी लावून बघनार. तुमी चित्रात पोटात काढलंय."

आणि तिने पोटात भोक पाडलं. चारात एक, मोजून.

मंगळवारी हर्षलने एकेक वांगं बोर्डाशेजारी धरून पाहिलं आणि दोन्ही क्रेट ठेवून घेतले. फिलिपचं चित्र आणि मरियाचं वांगं पहिल्यांदाच तंतोतंत जुळलं होतं. "आता कसं खरं वाटतंय!" हर्षल म्हणाला. मरियाने रिकामे क्रेट उचलले. घेणाऱ्याला आधी सांगायची तिची रीत होती. त्या दिवशी ती काही सांगायला थांबली नाही.

दुपारी तिने बांधाकडच्या चार झाडांची वांगी आणून विळीवर चिरायला घेतली. फिलिप समोर ताट घेऊन बसला होता. एका वांग्यातून गुलाबी अळी वळवळत बाहेर आली. मरियाने विळी थांबवली आणि अळीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"बघा," ती म्हणाली, "देठाखालनंच आलीया."

मग तिने अळी बोटाने बाजूला केली, तेवढा भाग कापून टाकला आणि उरलेलं वांगं चिरलं.